स्वस्त तिकिटातला दुसरा थांबा

मास्टर्ससाठी अमेरिकेला निघालात, एफ-१ व्हिसा हातात आहे आणि मोबाइलवर मुंबई-पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅम-बोस्टन असं स्वस्तातलं तिकीट दिसतंय. बुक करण्याआधी थांबा जरा.

युरोपातल्या शेंगेन देशांत एकच थांबा असेल आणि तुम्ही विमानतळातच राहणार असाल, तर वैध अमेरिकन व्हिसावर काम भागतं. दोन थांबे आले की गणित बदलतं. शेंगेनचे २९ देश प्रवासासाठी एकच प्रदेश धरतात. त्यामुळे पॅरिस ते अ‍ॅमस्टरडॅम ही त्यांच्या लेखी डोमेस्टिक फ्लाइट! म्हणजे इमिग्रेशन पॅरिसलाच, आणि त्यासाठी रीतसर शेंगेन व्हिसा. फी ९० युरो, अपॉइंटमेंटची धावपळ वेगळीच. विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा इथे चालत नाही.

हे अनेकदा कळतं ते थेट मुंबईच्या चेक-इन काउंटरवर, घरचे बाहेर उभे असताना. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला बसतो, म्हणून तिथे 'बघा ना काहीतरी' चालत नाही.

नियम आपल्यालाच माहीत हवा, मान्य. पण सीट, जेवण, विमा याबद्दल दहादा विचारणाऱ्या बुकिंग साइट्सना पैसे घेण्याआधी 'या मार्गावर व्हिसा लागू शकतो' असं ठळक अक्षरांत सांगायला काय जातं? अटी-शर्तींमध्ये 'जबाबदारी प्रवाशाची' लिहून हात झटकणं मला तरी पटत नाही. सक्ती व्हायला हवी. तोवर दोन्ही थांबे शेंगेनमधले दिसले, तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील, दुसरा मार्ग शोधा. आणि दोन वेगळी तिकिटं जोडत असाल, तर मध्ये सामान घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागेल का, तेही आधीच विचारून घ्या.