डिकीतला डग्गा केवढ्या खोक्यात बसवावा?

रविवारी सकाळी भाचा गाडी घेऊन दारात हजर! पगारातले पैसे साठवून त्याने जुनी हॅचबॅक घेतली होती, ती दाखवायला ताई आणि आजोबांनाही सोबत आणले होते. "मामा, तू आत बसून ऐक तर खरं!" म्हणत त्याने मला पुढच्या सीटवर बसवले आणि बटण दाबले.

मागून धडाम् आवाज सुरू झाला. नंबर प्लेट थरथरली, मागची काच कुरकुरली. समोरच्या घरातल्या काकूंनी खिडकी लावून घेतली. पण गाण्यात ठेका कोणता चालला आहे, ते काही केल्या कळेना. प्रत्येक ठोका एकाच सुरात, "भुम्, भुम्, भुम्!" तरुणपणी भजनात तबला वाजवलेले आजोबा मागच्या सीटवरून म्हणाले, "अरे, हा डग्गा आहे की पत्र्याचा डबा?"

ताईचे दुखणे वेगळेच होते. डिकी उघडून तिने मला दाखवली. बारा इंची सबवूफरचा तयार खोका डिकी अडवून बसलेला. "गणपतीला गावी जायचंय. आजोबांचा वॉकर, दोन बॅगा, पूजेचं सामान... काय डोक्यावर घेऊ? तूच सांग याला."

भाच्याचा चेहरा पडला. साठवलेल्या पैशांची हौस, तिचे असे व्हावे? म्हटले, सबवूफर चांगलाच असेल, चूक खोक्याची असेल. आधी त्याच्यासोबत आलेला कागद आण.

वाचकहो, बहुतेकजण इथेच फसतात. वॅट किती, इंच किती, हे विचारून सबवूफर घेतात आणि खोका म्हणजे नुसते वेष्टण समजून दुकानात पडलेला कुठलाही उचलतात. खरे तर खोका हा वाद्याचा अर्धा भाग आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडताना त्याचा आकार पारखून घेतात, कारण पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला मोठा भोपळा लागतो आणि बायकी तंबोऱ्याला लहान. फरक एवढाच की भोपळ्याने तारेबरोबर गुणगुणायचे असते, सबवूफरच्या खोक्याने मात्र जराही थरथरायचे नसते. काम करायचे ते आतल्या हवेने.

हे काम समजायला सायकलचा पंप पुरेसा आहे. तोंडावर अंगठा दाबून दांडा ढकला, आतली हवा स्प्रिंगसारखी उलटा धक्का देते. बंद खोक्यातली हवा सबवूफरच्या पडद्याला असाच धक्का देते. खोका लहान तेवढी स्प्रिंग कडक. अमेरिकेच्या एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये हीच युक्ती वापरून लहान खोक्यातून खोल आवाज काढून दाखवला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत त्याचे गणित बसवले. आज सबवूफरच्या कागदावर जे आकडे छापतात, ते या दोघांच्याच नावाने ओळखले जातात.

त्यातले तीन आकडे आपल्या कामाचे. एफएस म्हणजे पडद्याचा स्वतःचा नैसर्गिक सूर. व्हीएएस म्हणजे पडद्याच्या लवचिकतेइतकीच लवचीक हवा किती लिटर, ते माप. आणि क्यूटीएस म्हणजे पडदा हलल्यावर किती लवकर आवरतो, त्याचा आकडा. तो जितका मोठा तितका आवर कमी. भाच्याच्या कागदावर होते एफएस २८, व्हीएएस ४० लिटर आणि क्यूटीएस ०.५.

आता हिशेब. बंद खोक्यात बसवल्यावर हा आवराचा आकडा वाढतो. तो ०.७०७ वर आला की आवाज सपाट आणि स्वच्छ मिळतो. तेव्हा ०.७०७ ला क्यूटीएसने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा आणि व्हीएएसला त्या आकड्याने भागा. भाच्याच्या बाबतीत उत्तर आले ४० लिटर.

"पण मामा, एवढी जागा नाही रे!" मग पुढचा प्रश्न : लहान केला तर काय बिघडते? ४० लिटरच्या खोक्यात या सबवूफरचा सूर २८ वरून ४० हर्ट्झवर जातो. खोका निम्मा, म्हणजे २० लिटरचा केला, तर सूर ४८ वर आणि आवराचा आकडा ०.८७ वर. त्या सुराभोवती आवाज जेमतेम अर्धा डेसिबल फुगतो, सहसा कानाला कळतही नाही. पण १३ लिटरवर आणला की सूर ५६ वर, आकडा १ वर, आणि फुगवटा सव्वा डेसिबलचा. इथे "भुम्"ची सुरुवात होते.

शिवाय गाडी आपल्याला मदत करते. ५० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ सात मीटर लांब, गाडीची केबिन त्याहून कितीतरी लहान. त्यामुळे साधारण ६० हर्ट्झच्या खाली बंद काचांच्या आत आवाजाचा दाब आपोआप वाढत जातो. बंद खोका खाली जिथे उतरू लागतो, तिथेच गाडी त्याला हात देते. म्हणून घरच्या हॉलपेक्षा गाडीत लहान खोका खपून जातो.

मग आधीच्या मोठ्या खोक्याचे काय चुकले? तो भोक असलेला, म्हणजे पोर्टवाला होता. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की "भूं" वाजते. थोडे पाणी भरा, हवा कमी झाली की सूर चढतो. पोर्टचा खोका म्हणजे अशी बाटली. तो तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज देतो, पण खोक्याचे लिटर आणि नळीची लांबी-रुंदी सबवूफरशी तंतोतंत जुळावी लागते. क्यूटीएस ०.४ च्या आत असलेले सबवूफर त्यात शोभतात. ०.५ वाला त्यात घातला की आवर सुटतो. शिवाय नळीच्या सुराखाली हवेचा आधार जातो, पडदा मोकाट हलतो आणि जोरात वाजवल्यास फाटूही शकतो. बंद खोका चार लिटरची चूक पोटात घालतो, पोर्टवाला नाही.

अँटन हॉफमन या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाच्या नावाने एक नियम सांगतात : लहान खोका, खोल सूर आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तिसऱ्याची आशा सोडायची. भाच्याने विचार करून आवाजाचा जोर सोडला आणि डिकी वाचवली.

सुतारमिस्त्रींना माप दिले : आतून ३३ सेंटिमीटर लांब, ३३ उंच, २२ खोल. म्हणजे २४ लिटर. सबवूफरचा लोहचुंबक आणि सांगाडा आत साधारण अडीच लिटर जागा खातात, तेव्हा उरले साडेएकवीस. मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवत विचारले, "माप बाहेरून ना?" नशीब, विचारले! १८ एमएमचा एमडीएफ दोन्ही बाजूंनी ३६ मिलिमीटर खातो. हेच माप बाहेरून धरले असते, तर आत उरले असते जेमतेम साडेतेरा लिटर. म्हणजे पुन्हा तोच "भुम्". माप देताना "आतून" हा शब्द कागदावर लिहूनच द्या.

सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने पक्के करा, आतून सिलिकॉन भरा. बंद खोक्यातून हवा गळली की सारा हिशेब वाया. खोका थोडा लहान पडलाच, तर उशीतला पिंजलेला पॉलिएस्टर कापूस सैलसर भरा. खोका साधारण दहा-वीस टक्के मोठा असल्यासारखा वागतो.

आणखी एक. स्टेपनी खोका न हलवता काढता आली पाहिजे, आणि खोका पट्ट्याने किंवा बोल्टने जखडलेला हवा. भाच्याचा खोका सबवूफरसकट चौदा किलोच्या आसपास भरला. जोराचा ब्रेक लागला तर सुटा खोका मागच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीत बसेल. डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर खोक्याचा हट्टच सोडा. सीटखाली बसणारा आठ इंची चपटा सबवूफर खोक्यासकट तयार मिळतो, घरच्या माणसांना तेवढा पुरतो.

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा दारात आली. ताईने आधी डिकी उघडून वॉकर आडवा ठेवून पाहिला, मग दोन्ही बॅगा. झाकण लागले! मग भाच्याने एक जुने भजन लावले. आजोबा डोळे मिटून ऐकत होते, उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर चालू होती. थोड्या वेळाने डावा हातही चालू लागला.

"आता सम सापडली," आजोबा म्हणाले.