खुर्ची ढकलण्यापूर्वी

सोलापूरच्या आजींना बेंगळूरुच्या बनशंकरी भागात मुलाकडे येऊन तीन आठवडे झाले होते. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून त्या चाकांच्या खुर्चीवरच असतात. गॅलरीतून रस्ता पाहता पाहता एके दिवशी त्या म्हणाल्या, "सूनबाई, इथल्या फुलबाजारात जाऊन येऊ या."

"आई, कशाला त्रास? काय हवं ते सांग, मी आणतो," मुलगा म्हणाला. आजी गप्प बसल्या.

अशा घरांत प्रेम कमी नसते. धास्ती असते ती रस्त्याची. बेंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच पठारावर आहे, पण सपाट नाही. चढ-उतार पावलोपावली. त्यातच पदपथ मध्येच तुटतो, कुठे झाड, तर कुठे उभी केलेली दुचाकी. चालणारा वळसा घालून जातो, खुर्ची मात्र अडते.

सूनबाईंनी आदल्या दिवशी एकटीनेच तो रस्ता पाहून ठेवला. कोणालाही खुर्चीवरून बाहेर नेण्याआधी हे करावेच. पायऱ्या कुठे, उतरण कुठे, लिफ्ट कोणत्या दाराशी, हे आधी ठाऊक असले की निम्मी धास्ती कमी होते. बनशंकरीहून हिरव्या मार्गावरची मेट्रो जून २०१७ पासून आहे. स्थानकात लिफ्ट आहे, आणि सहावे स्थानक के. आर. मार्केटचे.

ढकलण्याचेही शास्त्र आहे. आजी बसताना व उतरताना दोन्ही ब्रेक लावलेले असावेत आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या वर उचललेल्या असाव्यात. तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवून, म्हणजे मोठी चाके पुढे ठेवून, सावकाश खाली न्यावी. नाहीतर बसलेली व्यक्ती पुढे कलंडते. डब्यात शिरतानाही मोठी चाके आधी गेली, तर पुढची लहान चाके फटीत अडकत नाहीत. खुर्ची उचलण्याची वेळ आलीच तर हातांच्या किंवा पायांच्या सुट्या भागांना न धरता पक्क्या चौकटीला धरावे. उतरण कशी असावी? एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे साधे प्रमाण. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीलासुद्धा १८० सेंटिमीटरची उतरण लागते. दाराशी टेकवलेली आखूड फळी म्हणूनच धोक्याची.

निघताना सूनबाईंच्या लक्षात आले, आजींनी सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. "वाटेत जायची वेळ आली तर कुठं जाणार गं?" हे संकट अनेक बायका मुकाट्याने सोसतात. उन्हात ते अंगाशी येते. वाटेत खुर्चीसह आत जाता येईल असे स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी पाहून तसे सांगावे. म्हणजे पाणी पिण्याची भीती राहत नाही.

कायद्याने हा हक्क दिला आहे. १९९५ च्या कायद्यानंतर २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. कागदावरचा हक्क पदपथावर उतरेपर्यंत तक्रार करावी, सोसायटीत उतरणीचा आग्रह धरावा, आणि निदान आपली दुचाकी तरी वाटेत लावू नये.

पहाटेची गर्दी ओसरल्यावर दोघी बाजारात पोचल्या. आतल्या पायऱ्यांच्या वाटेला न जाता त्या कडेच्या एका फुलवालीपाशी थांबल्या. तिने आजींकडे पाहून सूनबाईंना विचारले, "यांना काय हवंय?" हा अनुभव नवा नव्हे. खुर्चीत बसलेल्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, असेच लोक धरून चालतात. अशा वेळी सोबतच्याने उत्तर देऊ नये.

सूनबाई काहीच बोलल्या नाहीत. आजींनीच सोलापुरी कन्नडमध्ये अबोलीचा भाव विचारला. तिथे गजरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजून देतात. फुलवालीने आपल्या हातावर माप घेतले, तेव्हा आजींनी स्वतःचा हात पुढे केला. "माझ्या हातानं मोज. तुझा हात आखूड आहे!"

फुलवाली हसली आणि तिने दोन गजरे जास्त दिले. एक आजींनी माळला, दुसरा सूनबाईंच्या केसांत. घरी परतल्यावर मुलाने विचारले, "आई, दमलीस का?"

"दमले," आजी म्हणाल्या. "पुन्हा मंगळवारी जायचंय."