खाशाबा की अमन? आधी मैदान ठरवा

चार पोरं एकत्र आली की पाचव्या मिनिटाला 'कोण भारी' सुरू होतं. सचिन की विराट, मॅराडोना की मेस्सी. त्यातही सगळ्यात जोरात रंगतो तो कुस्ती-बॉक्सिंगचा वाद. सकाळी चांदूरहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत दाराशी उभ्या असलेल्या कुठल्याही ग्रुपमध्ये कान द्या. एक म्हणतो, "टायसनसमोर अली दोन राउंड टिकला नसता." दुसरा लगेच, "काहून बे? अलीनं त्याले नाचवू नाचवूच दमवलं असतं!" बडनेरा येतं, सगळे उतरतात आणि निकाल काही लागत नाही.

घरचे म्हणतात, रिकामे धंदे. मला नाही वाटत तसं. वेगवेगळ्या काळातले चॅम्पियन मनातल्या मनात एकमेकांसमोर उभे करणं हा भारी उद्योग आहे, फक्त आपण तो अर्धवट करतो. 'कोण जिंकलं असतं' हे आपण ओरडून सांगतो, पण लढत कुठे, कुणाच्या नियमांनी, किती वजनात, हे ठरवतच नाही. ते ठरवायला बसलं की मग खरी गंमत सुरू होते, आणि थोडा त्रासही.

कॉम्प्युटरनं लावलेला निकाल

हे वेड आपल्या पिढीनं शोधलेलं नाही. 1967 मध्ये अमेरिकेत मरे वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्यानं सगळ्या काळातल्या हेवीवेट चॅम्पियनची माहिती कॉम्प्युटरला खाऊ घातली आणि रेडिओवर त्यांची काल्पनिक स्पर्धा लावली. त्यात मोहम्मद अली हरला, तेही जिम जेफ्रीजकडून. हा जेफ्रीज विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा चॅम्पियन. अली इतका भडकला की त्यानं थेट दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला.

प्रकरण मिटलं ते नव्या करारावर. 1969 मध्ये अली आणि रॉकी मार्सियानो यांना खरोखर रिंगमध्ये उतरवून शूटिंग झालं. मार्सियानो 49 पैकी 49 लढती जिंकून 1956 मध्येच निवृत्त झाला होता. अलीनं व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्याच्यावर तेव्हा बंदी होती. वेगवेगळे शेवट चित्रित केले गेले. सिनेमा पडद्यावर येण्याआधीच मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी 1970 मध्ये अमेरिकेत लोकांनी पाहिलं ते असं, की तेराव्या राउंडमध्ये मार्सियानोनं अलीला नॉकआउट केलं. ब्रिटनमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत मात्र अली जिंकला. म्हणजे प्रेक्षक बदलला तसा निकालही बदलला. गाडीतल्या आपल्या वादाचंही तेच होतं, नाही का?

खरीखुरी लढत लावली तर?

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटर सोडा, खरेच दोन काळ समोरासमोर आणा. तेही झालंय. 1951 मध्ये 37 वर्षांचा जो लुईस आणि 28 वर्षांचा मार्सियानो लढले. लुईस आठव्या राउंडमध्ये पडला. 1980 मध्ये 38 वर्षांचा अली, कधीकाळी आपल्याच सरावाला असणाऱ्या लॅरी होम्ससमोर उभा राहिला. दहाव्या राउंडनंतर अलीच्या कोपऱ्यातल्या माणसांनीच लढत थांबवली. आणि नोव्हेंबर 2024 मधली लढत तर आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. माइक टायसन 58 वर्षांचा, जेक पॉल 27 चा. आठ राउंड संपले आणि पंचांनी पॉलला विजयी ठरवलं. त्यावरून कुणी 'पॉल टायसनपेक्षा भारी' म्हणेल का? तिन्ही लढतींत तरुण जिंकला, एवढंच त्यातून कळतं.

बरं, वय सारखं केलं तरी प्रश्न उरतो. मार्सियानोचं वजन साधारण 85 किलो असायचं. आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हेवीवेट सुरू होतं 200 पौंडांच्या, म्हणजे 90.7 किलोंच्या वर. त्यामुळे आजच्या हिशेबानं तो हेवीवेटमध्ये बसतच नाही, एक गट खाली जातो. त्याच्या काळात चॅम्पियनशिपची लढत 15 राउंडची होती, आता ती 12 ची आहे. शेवटच्या तीन राउंडमध्ये समोरच्याला दमवून पाडणाऱ्या माणसाचं अर्धं हत्यारच आपण काढून घेतो.

मैदानानं किती फरक पडतो याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या उपखंडातलं आहे. 1910 मध्ये लंडनला गामा पहिलवान आणि पोलंडचा झ्बिश्को यांची कुस्ती झाली. झ्बिश्को गादीला चिकटून पडून राहिला, अडीच तास उलटले तरी निकाल लागला नाही. 1928 मध्ये तेच दोघं पतियाळ्याला भिडले, या वेळी मातीत. दोघंही पन्नाशीच्या आसपासचे. गामानं एका मिनिटाच्या आत झ्बिश्कोला चीत केलं. माणसं तीच, पण एकदा अडीच तासांत फैसला नाही आणि एकदा मिनिटभरात.

आपल्याकडे तळेगाव दशासरचा शंकरपट बघा. जोडी किती सेकंदांत आली, हे घड्याळ सांगतं. आजोबांच्या काळातली जोडी आणि आजची जोडी, आकडे शेजारी ठेवले की झालं. कुस्ती आणि बॉक्सिंगमध्ये घड्याळ कामाचं नाही. तिथे समोरचा माणूस हेच माप, आणि तो माणूस तर काळाबरोबर गेलेला.

आता आपली जोडी लावू

मग ही लढत घरी आणू या. खाशाबा जाधव विरुद्ध अमन सेहरावत. ही जोडी मी उगाच निवडलेली नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबांनी फ्रीस्टाइलच्या 57 किलो गटात कांस्य जिंकलं. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमननं फ्रीस्टाइलच्या 57 किलो गटातच कांस्य जिंकलं. मध्ये 72 वर्षं. दोघंही जपानी मल्लाकडून हरले, खाशाबा शोहाची इशीकडून आणि अमन रेई हिगुचीकडून. आणि दोन्ही वेळा त्या जपानी मल्लानंच पुढे सुवर्ण नेलं. काल्पनिक लढतीसाठी याहून बरोबरीची जोडी कुठे मिळणार?

माझा निकाल ऐका. आजची गादी, आजचे सहा मिनिटं, आजचे गुण, तर अमन. त्यात मला शंका नाही. तो लहानपणापासून दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये गादीवर वाढलाय, समोरच्याच्या जुन्या लढतींचे व्हिडिओ बघून उतरतो. खाशाबांची गादीशी खरी ओळख झाली ती 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये. त्याआधी सगळं मातीतलं. तरी तिथे ते सहावे आले. पण लढत मातीत लावा, वेळेची कटकट काढून टाका, खाशाबांना त्यांचा ढाक डाव टाकायला मोकळीक द्या, आणि माझे पैसे खाशाबांवर.

इथवर सगळं मजेचं आहे. पण दोघांच्या पदकाआधीची रात्र शेजारी ठेवून बघा.

पॅरिसमध्ये उपांत्य फेरीनंतर अमनचं वजन 61.5 किलो भरलं. सकाळपर्यंत 57 मध्ये बसायचं होतं. त्याच्या प्रशिक्षकांनी रात्रभर जागून, ट्रेडमिल, गरम पाण्याची अंघोळ, सॉना असं सगळं करून सुमारे दहा तासांत 4.6 किलो उतरवले. विनेश फोगाट 100 ग्रॅमसाठी बाद झाली ती आदल्याच दिवशी, त्यामुळे कुणी डोळा लावला नाही. दुसऱ्या दिवशी अमन 13-5 नं जिंकला. तेव्हा तो 21 वर्षांचा होता, म्हणजे आपल्या एवढाच.

आणि हेलसिंकीत? खाशाबांची इशीबरोबरची लढत लांबली. त्यानंतर विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर बोलावलं गेलं. आक्षेप घ्यायला भारताचा अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. ज्या दोघांकडून ते हरले, त्यांनीच सुवर्ण आणि रौप्य नेलं. मुळात हेलसिंकीला जायचे पैसेसुद्धा नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबा पोलीस खात्यात लागले आणि 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

म्हणून माझा खरा प्रश्न असा आहे. अमनचे प्रशिक्षक त्या दिवशी खाशाबांच्या कोपऱ्यात उभे असते तर? अर्धा तास विश्रांती मिळवून देणारा एक माणूस असता तर? ही कल्पना मला दोघांच्या झुंजीपेक्षा जास्त छळते. आजच्या पोरांत ताकद जास्त आहे की कमी, यावर आपण भांडतो. माणसामागे किती माणसं उभी होती, हे मोजत नाही.

ज्यांची लढतच लागली नाही

महाराष्ट्राला खाशाबांनंतरचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 2024 उजाडावं लागलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत कांस्य आणलं. तो मध्य रेल्वेत टीसी होता, आपल्या गाड्या धावतात त्याच रेल्वेत. 72 वर्षांत महाराष्ट्रात दमदार खेळाडू जन्मलेच नाहीत, असं कुणी म्हणणार आहे का?

मुलींचा हिशेब तर आणखी वाईट. हमीदा बानू नावाच्या पहिलवान बाईनं 1954 मध्ये बडोद्यात बाबा पहिलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत पाडलं होतं. त्यांच्यासाठी ना ऑलिम्पिक होतं ना केसरी. ऑलिम्पिकमध्ये महिला कुस्ती आली 2004 मध्ये, महिला बॉक्सिंग 2012 मध्ये. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली 2023 मध्ये, सांगलीत, आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. हमीदा विरुद्ध आजची एखादी केसरी, ही जोडी आपल्या गाडीतल्या वादात कधी लागते का? आमच्या डब्यात तरी मी ऐकलेली नाही.

आणि वऱ्हाड? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकानं जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी बॉक्सिंगसाठी ओळखली जाते. म्हणजे परंपरा आहे, जागा आहे. पण पहाटे चांदूरच्या रस्त्यावर पळणाऱ्या पोरांना विचारा, कशासाठी पळता? दहातले नऊ सांगतील, "भरतीसाठी." त्यात काही चूक नाही, घर चालवायचं असतं. पण त्यातला एखादा 57 किलोचा असेल आणि त्याला कुणी कधी गादीवर उभंच केलं नसेल, तर त्याची लढत कुठल्या कॉम्प्युटरवर लावायची?

अलीवर आपण तासभर भांडू शकतो, कारण त्याच्या लढती फिल्मवर आहेत, आकडे लिहिलेले आहेत. आपल्या तालुक्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोण गाजत होतं, कुणी कुणाला पाडलं, यावर भांडायचं तर आपल्याकडे काय आहे? म्हाताऱ्यांच्या आठवणी, आणि त्याही दर वर्षी कमी होतायत.

म्हणून परीक्षा संपल्या की एक काम करा. तुमच्या गावात कान मोडलेला एखादा जुना पहिलवान नक्की असेल. त्याच्यासमोर मोबाइल ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा: वजन किती होतं, माती कुणाच्या तालमीतली, खुराक काय, पैसे कोण द्यायचं, मोठी कुस्ती कोणत्या साली आणि कुणाशी. सगळ्यात शेवटी विचारा, कुस्ती का सोडली. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. मग गाडीत खुशाल भांडू, आपल्या गावचा तो गडी आज असता तर कुठवर गेला असता म्हणून.