पट्टे आणले, चपला विसरलो

मागच्या पावसाळ्यात माझ्या डाव्या पायाच्या करंगळीच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. चिखल्या हा आजीचा शब्द. तिच्या लहानपणी भातलावणीच्या दिवसांत घरातल्या सगळ्यांनाच व्हायच्या, असं ती सांगते. मी दिवसाचे नऊ तास एसीत बसून कोड लिहितो. माझ्या पायाला चिखल लागतो तो सोसायटीच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत, तोही बुटाला. मग चिखल्या आल्या कुठून? आल्या त्या कराटेच्या क्लासातून. आणि हा लेख त्या बेचक्यातल्या बुरशीबद्दल कमी आणि तिला खतपाणी घालणाऱ्या एका विचाराबद्दल जास्त आहे.

तो विचार असा: मार्शल आर्ट अनवाणी करायची असते, अनवाणी राहिल्याने पाय कणखर होतो, आणि पायाची काळजी घेणं हे नाजूक माणसांचं काम.

आमचा क्लास एका सभागृहात भरायचा. निळ्या-लाल रंगाच्या, एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या मॅट. दारात चपलांचा ढीग. आत शिरताना वाकून 'ओस' म्हणायचं. इथवर सगळं शिस्तीत. मग मध्येच कुणाला तहान लागते, कुणाला लघवीला जायचं असतं. तो मॅटवरून उतरतो, अनवाणीच कॉरिडॉर ओलांडतो, टॉयलेटच्या ओल्या फरशीवर उभा राहतो, तसाच परत येतो, मॅटच्या कडेला पुन्हा वाकून 'ओस' म्हणतो आणि आत येतो. पाच मिनिटांनी आम्ही त्याच जागेवर तोंड खाली करून जोर मारतो. नाक मॅटपासून दोन इंचांवर.

मी एकदा सरांना म्हणालो, "सर, टॉयलेटला जाताना चपला घालायचा नियम करूया का?"

सर हसले. "अरे, पाय पोलादाचे व्हायला हवेत आपले. चपला कसल्या मागतोस!"

सगळे हसले. मीही हसलो. आपण असे प्रसंगी हसतो, हीच तर अडचण.

पुढचं सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो. बेचक्यातली खाज मी महिनाभर दुर्लक्षित केली, कारण पोलाद खाजत नाही. मग ती जांघेत गेली. हे कसं होतं ते नंतर कळलं: पायाला बुरशी असताना अंतर्वस्त्र पायांतून वर ओढलं की ती आयती वर पोहोचते. म्हणून आधी मोजे घालायचे, मग बाकीचे कपडे. इतकी साधी गोष्ट अठ्ठावीस वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती. मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने न बघताच एक ट्यूब पुढे केली. तीन दिवसांत खाज गायब, लाली गायब. मी खूश. पंधरा दिवसांनी ती परत आली, दुप्पट जागा घेऊन. पुन्हा ट्यूब. असं तीनदा. तोवर माझ्या बहिणीच्या दोन वर्षांच्या मुलीच्या दंडावर एक गोल चकंदळ उठलं होतं. ती शनिवार-रविवार माझ्या मांडीवरच असते.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझी ट्यूब हातात घेतली, मागचा बारीक मजकूर वाचला आणि टेबलावर ठेवली. त्यात बुरशीचं औषध होतं, जिवाणूंचं होतं, आणि सोबत क्लोबेटासॉल नावाचं अतिशय तीव्र स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने सूज आणि खाज दबते, पण त्याच वेळी तिथली प्रतिकारशक्तीही दबते. बुरशीला रान मोकळं मिळतं. वरून सगळं शांत दिसतं आणि आत ती पसरत जाते. आमच्या धंद्यात एरर मेसेज लपवून ठेवणाऱ्याला बग सोडवला असं कुणी म्हणत नाही. औषधांच्या दुकानात म्हणतात.

आणि ही माझ्या एकट्याची कहाणी नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात नायट्याची अक्षरशः साथ आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी एक बुरशी इथे इतकी पसरली की 2020 साली तिला स्वतंत्र नावच मिळालं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच आपला देश. टर्बिनाफिन हे एरवी हमखास लागू पडणारं औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 पासून आहे. माझ्याकडे चिठ्ठी कुणीही मागितली नाही. मला बरं व्हायला चार महिने लागले, भाचीला सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत तिला मी उचलून घेतलं नाही. ती हात वर करून उभी राहायची.

आता पोलादाकडे वळू.

अनवाणी सरावाला माझा विरोध नाही. उलट त्यामागची कारणं पक्की आहेत, आणि ती न सांगता नुसतं 'परंपरा' म्हणणाऱ्यांचाच मला राग येतो. माए-गेरी, म्हणजे समोरची सरळ किक, चवड्याने मारायची असते. त्यासाठी बोटं मागे वळवावी लागतात. जाड तळाच्या बुटात ती वळतच नाहीत, आणि नवशिक्याला आपली बोटं कुठे आहेत हेही कळत नाही. मावाशी-गेरीत उभा पाय चवड्यावर गर्रकन फिरावा लागतो. रबरी तळ मॅटला चिकटला तर पाऊल जागेवर राहतं आणि पीळ गुडघ्यात जातो. शिवाय जोडीदाराच्या बरगडीत बूट बसणं आणि पाय बसणं यात फरक आहेच. म्हणून अनवाणी. हे तंत्र आहे. तंत्राला जागा ठरलेली असते, आणि ती जागा म्हणजे मॅट. मॅटच्या बाहेर अनवाणी फिरण्यात कसलंही तंत्र नाही.

हे जपान्यांना नीट माहीत होतं. कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये ज्युदोची शाळा काढली. त्या ज्युदोत आजही शिकवतात की मॅटच्या कडेपर्यंत झोरी, म्हणजे सपाट चपला, घालूनच यायचं, त्या कडेला काढायच्या, उतरताना पुन्हा त्यांतच पाय घालायचे. ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हातापायांची नखं कापलेली हवीत असं लिहिलेलं आहे. म्हणजे अनवाणी खेळणाऱ्याला चपला कमी नाही, जास्त लागतात. बुटातल्या माणसाचे मोजे मळतात तेवढंच. अनवाणी माणसाच्या तळव्याला सगळ्यांचं नाक लागतं. आपण तिथून पट्टे आणले, पांढरे गणवेश आणले, 'ओस' आणलं, परीक्षेची फी तर फारच मनावर घेऊन आणली. चपला तेवढ्या विसरलो.

गंमत अशी की हे आपल्याला जपानकडून शिकायचीही गरज नव्हती. ज्या घरात बाहेरची चप्पल उंबऱ्याच्या आत आली तर आई ओरडते, संडासाची चप्पल वेगळी असते आणि 'आधी हातपाय धुवून ये' हे जेवायला बोलावण्याइतकंच नेहमीचं वाक्य असतं, त्याच घरांतून आम्ही सगळे त्या क्लासात येत होतो. गणवेश चढवला की ही अक्कल खुंटीला टांगून ठेवायची, असं कुठल्या कातामध्ये शिकवतात?

कुणी म्हणेल, आमचे पैलवान तर मातीत लोळले, त्यांना काय झालं? तालमीत गेलात तर दिसेल की ती माती कुणी वाऱ्यावर सोडलेली नसते. ती चाळतात, खणतात, उलथीपालथी करतात, तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल घालतात. हौदाची मेहनत हा व्यायामाचाच भाग असतो. त्यानेही पैलवानांना नायटा होतच नाही असं नाही. कुस्तीगिरांच्या नायट्याला वैद्यकात वेगळं नावच आहे. पण निदान पायाखालची जागा सांभाळायची असते हे तिथे गृहीत आहे. फोमची मॅट खणता येत नाही, पुसता येते. त्वचेच्या गळलेल्या कपच्यांत बुरशीचे बीजाणू कित्येक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून मॅट आधी साबणाच्या पाण्याने पुसायची, मग पातळ केलेलं ब्लीच लावून दहाएक मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग कोरडी करायची. आमच्या क्लासात झाडू फिरायचा. दिवाळीच्या आधी फिनेल.

आणि कणखरपणा? तळव्याची कातडी शरीरात सर्वांत जाड असते, हे खरं. घासली की आणखी जाड होते, घट्टे पडतात, थोडे घट्टे उपयोगीही असतात. पण तळव्याला तेलग्रंथी नसतात. जाड झालेली कातडी कोरडी पडते, आणि जाड कोरडी गोष्ट वाकवली की तडकते. म्हणून टाचांना भेगा पडतात, अंगठ्याच्या खालच्या घडीत चीर जाते. ज्याला अशी चीर गेली आहे त्याला विचारा, महिना महिना भरत नाही, प्रत्येक फिरकीला नव्याने उघडते. त्या उघड्या चिरेनिशी आपण त्याच मॅटवर उभे राहतो. पोलाद कसलं, ती उघडी खिडकी आहे. आजी रात्री वजरीने टाच घासून कोकमतेल लावते, ती मला पोलादाबद्दल सरांपेक्षा जास्त शहाणी वाटते. युरिया असलेलं क्रीमही चालतं. फक्त रात्री लावा, सरावाआधी नको, घसराल.

आमच्यातल्या एका शाळकरी मुलाच्या टाचेवर काहीतरी टणक उगवलं होतं. कुरूप आहे, पट्टी लाव, म्हणाले सगळे. तो पट्टी लावून, ब्लेडने तासून येत राहिला. ती चामखीळ निघाली, विषाणूची. ओळखायचं कसं, तर चामखिळीवर कातडीच्या रेषा तुटलेल्या दिसतात, आत काळे ठिपके असतात, आणि दोन बाजूंनी चिमटीत दाबलं तर जास्त दुखतं. त्याचा कळवळलेला चेहरा आम्ही 'सहनशक्ती' म्हणून वाखाणला होता. नंतर अजून तिघांना तेच झालं. त्यातल्या दोन मुली क्लास सोडून गेल्या. त्यांना 'टिकल्या नाहीत' असं म्हटलं गेलं.

अनवाणीपणाच्या या पुजाऱ्यांनी एकदा स्वतःच्याच खेळाची मोठी स्पर्धा नीट पाहावी. 2021 मध्ये टोकियोत कराटे ऑलिंपिकमध्ये खेळलं गेलं तेव्हा कुमितेत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पावलांवर पॅड होते, कारण नियमच तसा आहे. तायक्वांदोत खेळाडू सेन्सर लावलेले मोजे घालतात. हे सगळे नाजूक आहेत का? आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये पार्किंगच्या खरबरीत काँक्रीटवर पोरांना फिरक्या मारायला लावतात, तळवे सोलून निघतात, आणि वर त्या फोडांचे फोटो अभिमानाने ग्रुपवर टाकले जातात. मॅट नसेल तर पातळ तळाचे बूट घाला. काँक्रीटवर अनवाणी फिरण्याचा कराटेशी काही संबंध नाही. ओकिनावात कुठे पार्किंग होतं?

मधुमेह असलेले एक काका आमच्याच बॅचमध्ये होते. डॉक्टरांनी 'व्यायाम करा' म्हटलं म्हणून आलेले. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेह्याने अनवाणी फिरू नये, हे कुठल्याही दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. आमच्या प्रवेशअर्जावर रक्तगट होता, मधुमेहाचा रकाना नव्हता. त्यांना काही झालं नाही. एवढंच म्हणता येतं, झालं नाही.

बरं झाल्यावर मी जुन्या क्लासात परत गेलो नाही. आता एका छोट्या जागेत आम्ही दहा-बारा जण सराव करतो. सुरुवातीला आणि शेवटी पाय धुवून बेचकी कोरडी करायची, नखं सरळ कापायची, कुणाच्या अंगावर चट्टा असेल त्याने तो भरेपर्यंत घरी काता करायचा, मॅट आळीपाळीने पुसायची. शिकवणाऱ्या ताई स्वतः पहिल्या पुसतात, त्यामुळे कुणाला कमीपणा वाटत नाही. उतरताना चपला. आणि टॉयलेटच्या दाराशी एक वेगळा जोड.

तो जोड तीन महिन्यांत दोनदा चोरीला गेला. आता आम्ही एक निळी आणि एक गुलाबी चप्पल ठेवली आहे, दोन वेगवेगळ्या मापांच्या. अजून कुणी नेलेली नाही.