नरोलीची रात्र आणि दोन मिनिटांचा ट्रेलर

व्हिडिओ गेमचे ट्रेलर बनवणे हा पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो, हे आमच्या पिढीला सहजी पटत नाही. आम्हाला ट्रेलर म्हणजे जत्रेतल्या नाटकाची हाळी देत गावभर फिरणारी लाउडस्पीकरवाली गाडी! पण सिल्वासाजवळच्या नरोलीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या मुलाला हेच करायचे आहे, आणि वडील म्हणतात कारखान्यात चिकट. दोघांचीही बाजू मला थोडीथोडी पटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेम खेळताना पडद्यावर दिसते ते वेगळे आणि हा 'सिनेमॅटिक' ट्रेलर वेगळा. तो सिनेमासारखाच रचावा लागतो. आधी स्टोरीबोर्ड, मग कच्ची चित्रे एकापुढे एक लावून वेळेचा अंदाज, मग पात्रांना शरीर, सांगाडा, हालचाल, प्रकाश, शेवटी आवाज. प्रत्येक टप्प्याचा कारागीर निराळा. २०११ साली 'डेड आयलंड' या गेमचा ट्रेलर आला. हॉटेलच्या खिडकीतून पडणारी लहान मुलगी आणि उलटा चालणारा काळ. गेम कधी न खेळलेली माणसेही तो पाहून हळहळली. कानच्या जाहिरात महोत्सवात त्याला सुवर्णपदक मिळाले.

तो बनवणारी ग्लासगोची अ‍ॅक्सिस ही कंपनी जुलै २०२४ मध्ये बंद पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर गडगडली, तेव्हा बंगळूर-मुंबईकडच्या सुमारे तीन हजार जणांचे काम गेले. तेव्हा वडिलांची भीती खुळी नाही. परदेशातून आलेल्या गोष्टीतला एक तुकडा रंगवून परत पाठवायचा, हेच ज्याचे कौशल्य, त्याला घेणारेही पटकन घेतात आणि काढणारेही पटकन काढतात. सॉफ्टवेअर काय, दर दोन वर्षांनी बदलते.

माझे मत असे, की शिकायचे ते गोष्ट सांगणे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला. त्यातली कथा मध्येमध्ये सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडते. आपल्या पेडण्यापासून फार लांब नसलेल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. एक चित्र वर धरायचे, दोन वाक्ये बोलायची आणि पुढच्या चित्राची ओढ लावायची! स्टोरीबोर्ड याहून फारसा वेगळा नाही. पण अ‍ॅनिमेशनच्या क्लासात पिंगुळीचे नाव कोण घेतो?

आणि नरोलीला तर गोष्ट उसनी आणायचीही गरज नाही. २८ जुलै १९५४ ची रात्र, मुसळधार पाऊस, दमणगंगेला पूर. सिल्वासाहून पोर्तुगीजांची कुमक नदी ओलांडून येणे कठीण. त्या अंधारात आझाद गोमंतक दलाचे आणि संघाचे स्वयंसेवक नरोलीत शिरले आणि चौकीतल्या मोजक्या पोलिसांनी शरणागती पत्करली. दलातल्या विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांची नावे आपल्याला परकी नाहीत. गायक सुधीर फडकेही या लढ्यात होते. पाच दिवसांनी सिल्वासा मुक्त झाले. गोव्याला मात्र १९६१ पर्यंत थांबावे लागले. अशी रात्र ज्या गावाची, तिथला मुलगा परग्रहावरचे यंत्रमानव काढत बसला आहे.

यंत्रमानवांना माझी हरकत नाही, काढू दे. पण कोर्सची लाखालाखाची फी भरण्याआधी वडिलांनी त्याच्याकडून त्या रात्रीचे एक मिनिट करून घ्यावे. ब्लेंडर फुकट मिळते. पुराचे पाणी दाखवणे घरच्या संगणकाला झेपणार नाही, तर नुसता अंधार ठेवावा आणि आवाज ऐकवावा. बंदूक कुठेच झाडायची नाही, तरी बघणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे. ते जमले तर मुलगा खुशाल पुण्याला जाऊ दे.