हाडांचीही साक्ष नोंदवा

‘स्टोव्हचा भडका उडाला’, ‘विहिरीत पाय घसरला’. बीड जिल्ह्यात सासरी मेलेल्या बायकांबद्दल ही कारणं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत.

कातडी जळते, कुजते. हाड मात्र मागचं सांगतं. मोडलेलं हाड सांधताना तिथे नवं हाड धरतं. ती गाठ एक्स-रेत पुढे महिनोन्महिने दिसू शकते. मरताना मोडलेल्या हाडावर ती नसते. अर्जेंटिनात १९८५ साली लष्करशहांवरच्या खटल्यात क्लाइड स्नो यांनी हाडांवरच्या जखमांचाच पुरावा मांडला. मग आपल्या लेकीबाळींसाठी तो का नको?

डोक्यावरचा वार हातावर झेलताना कोपराखालचं हाड मोडतं. ऊस तोडताना पडूनही हात मोडतो, हे मान्य. हाड मारणाऱ्याचं नाव सांगत नाही. पण वेगवेगळ्या वेळी मोडून सांधलेल्या बरगड्यांचा जाब सासरला विचारलाच पाहिजे. हुंडाबळीच्या खटल्यात मृत्यूच्या थोडं आधी छळ झाल्याचं दाखवावं लागतं.

लग्नानंतर सात वर्षांच्या आत आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदनाची तरतूद १९८३ पासून आहे. २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत ती कलम १९४ मध्ये आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या वेळी संपूर्ण शरीराचे एक्स-रे काढावेत आणि जुन्या मोडींची नोंद व्हावी. माहेरच्यांनी हे लेखी मागावं. चिता पेटल्यावर मागून उपयोग नाही.

आणि मैत्रिणींनो, बाई जिवंत आहे तोवरच तिचे दवाखान्याचे कागद जपून ठेवू या.