पास्टरांचे की प्रभूचे?

परभणी तालुक्यातल्या झरीसारख्या गावातला ख्रिस्ती माणूस कुठे भेटला की हल्ली पहिली चौकशी होते ती, "तुम्ही कोणत्या पास्टरांचे?" अशी. त्याने त्या पास्टरांविषयी एखादी शंका काढली, तर उत्तर तयार असतं: अभिषिक्ताविरुद्ध बोलू नका, दाविदानेसुद्धा शौलाला हात लावला नाही.

दाखला अर्धाच सांगितला जातो. दाविदाने शौलाला मारलं नाही, हे खरं. पण गुहेबाहेर येऊन त्याने त्याला सर्वांदेखत जाब विचारला. पुढे राजा झालेला दावीद स्वतः चुकला, तेव्हा नाथानाने त्याला तोंडावर सुनावलं. अंत्युखियात पौलाने केफाला चारचौघांत धारेवर धरलं. मग इमारत-फंडाचा हिशेब मागणं तेवढं पाप कसं?

दुसरा युक्तिवाद जरा हुशारीचा: गट मिशनऱ्यांनी पाडले, आमचा काय दोष? जालन्यात स्कॉटिश मिशन, नगरात अमेरिकन मराठी मिशन, अशा वाटण्या होत्याच. पण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. जुन्या भिंती पाडता येतात, हे तिथे दिसलं. त्यानंतरच्या भिंती आपल्या आहेत. सभेच्या बॅनरवर पास्टरांचा फोटो क्रूसापेक्षा मोठा छापायला कुणी गोरा साहेब आला नव्हता.

रेव्हरंड ना. वा. टिळकही १९१७ साली मिशन सोडून गेलेच ना, असं कुणी म्हणेल. गेले. पण त्यांच्या 'देवाच्या दरबारा'त बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यांनी दार रुंद केलं. आपण फुटतो ते बहुधा खुर्चीवरून. १९१९ साली टिळक गेले आणि दरबारही ओसरला. एका माणसावर टेकलेल्या कामाचं असंच होतं, मग तो माणूस टिळकांएवढा का असेना.

करिंथच्या मंडळीत पौलाचे, अपुल्लोसचे, केफाचे असे तट होते. 'आम्ही ख्रिस्ताचे' म्हणवणारेही होते. आपल्या 'स्वतंत्र' फेलोशिपांनी एवढं ध्यानात घ्यावं. पौलाने या सगळ्यांना बाळकं म्हटलं, स्वतःच्या भक्तांनाही वगळलं नाही. इतकंच नव्हे, ज्याच्या नावाने दुसरा तट उभा होता त्या अपुल्लोसलाच त्याने करिंथला जाण्याचा आग्रह केला. पुढारी प्रौढ असला की असा वागतो.

तेव्हा पाळकांनो, एका रविवारी शेजारच्या मंडळीच्या पाळकांना आपल्या व्यासपीठावर बोलवा आणि त्याच दिवशी जमाखर्च वाचून दाखवा. ते टाळत असतील, तर सभासदांनो, पुढच्या सभेत उभं राहून तुम्ही मागणी करा.